तबकडीतली चूक कोणाची?

१९५९ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने ‘काइंड ऑफ ब्लू’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस आणि त्याचे सहकारी यांनी वाजवलेले जाझ संगीत तिच्यावर होते. पुढे ही जाझमधल्या सर्वांत अधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी एक ठरली. अनेक देशांत तिच्या आवृत्त्या निघाल्या, त्या ऐकून नवे वादक शिकले, समीक्षकांनी लेख लिहिले. मात्र या मुद्रिकेच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना, वादकांनी प्रत्यक्ष वाजवल्या त्याहून किंचित चढ्या सुरात आणि किंचित जलद ऐकू येत होत्या. ही चूक दुरुस्त करून काढलेली आवृत्ती आली ती १९९२ साली, म्हणजे तेहेतीस वर्षांनंतर.

यात विचार करण्याजोगा प्रश्न असा की, जगातल्या सगळ्या प्रती एकमेकींशी तंतोतंत जुळत असताना त्या चुकीच्या आहेत हे समजले कसे? प्रत प्रतीशी ताडून पाहिली तर फरक सापडणारच नव्हता. या प्रश्नाचे उत्तर शोधताना ध्वनिमुद्रिका कशी तयार होते, तिच्यात दोष कुठे शिरतात आणि एकाच मुद्रिकेच्या दोन आवृत्त्या कशा ताडून पाहायच्या, हे सगळे पाहावे लागते. इतिहास आणि विज्ञान या दोन्ही विषयांच्या शिक्षकांना त्यात उपयोगाचे बरेच काही आहे.

बाप, आई आणि ठसे

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ तयार केला. त्यात आवाज कोरला जाई तो एका फिरत्या नळकांड्यावर. नळकांड्याची नक्कल काढणे सुरुवातीला फार कटकटीचे होते. एमिल बर्लिनरने १८८७ साली नळकांड्याऐवजी सपाट तबकडी वापरण्याची कल्पना मांडली. तबकडीचा मोठा फायदा म्हणजे तिचा ठसा घेता येतो. एकदा ठसा तयार झाला की नाण्यांप्रमाणे हव्या तितक्या तबकड्या पाडता येतात. ध्वनिमुद्रिकेचा धंदा उभा राहिला तो यामुळे.

पुढच्या काळात ही पद्धत बरीच पक्की झाली. आधी मेणाच्या, नंतर लाखेसारख्या मऊ लेपाच्या चकतीवर एक धारदार सुई आवाजाप्रमाणे थरथरत नागमोडी खाच कोरते. या चकतीवर चांदीचा पातळ थर देतात आणि विद्युतविलेपनाने त्यावर निकेल चढवतात. हे निकेल सोलून काढले की मूळ खाचेच्या जागी उंचवटा असलेली उलटी चकती मिळते. कारखान्यात हिला ‘बाप’ म्हणतात. बापावर पुन्हा निकेल चढवून सोलले की सुलटी चकती मिळते, ती ‘आई’. आईपासून पुन्हा उलटे ‘ठसे’ काढतात. दोन बाजूंचे दोन ठसे दाबयंत्रात बसवून मध्ये गरम, मऊ गोळा ठेवला आणि दाबला की तबकडी तयार होते.

ठसा दाबाने झिजतो, म्हणून एका ठशावर मर्यादित प्रतीच काढतात. समजा, एका बापापासून पाच आया, प्रत्येक आईपासून दहा ठसे आणि प्रत्येक ठशापासून हजार तबकड्या काढल्या, तर पन्नास हजार प्रती होतील. या सगळ्यांचा पूर्वज एकच असला तरी त्या पन्नास वेगवेगळ्या घरांत जन्मलेल्या आहेत. एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती वेगळ्या का वाजतात, याचे पहिले कारण हे आहे.

कारखान्यांनी या वंशावळीची नोंदही ठेवलेली असते. तबकडीवर खाचा संपतात तिथून लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टा असतो. तिरप्या उजेडात पाहिले तर त्यात बारीक अंक आणि अक्षरे दिसतात. त्यातला मुख्य क्रमांक मूळ कोरीव चकतीचा असतो. इंग्लंडमधल्या ई.एम.आय. कंपनीच्या तबकड्यांवर आईचा क्रमांक अंकात, तर ठशाचा क्रमांक सांकेतिक अक्षरांत असे. ग्रामोफोन लिमिटेड या नावातली दहा वेगवेगळी इंग्रजी अक्षरे घेऊन त्यांना १ ते ९ आणि शेवटी ० अशा किमती दिलेल्या होत्या. जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, या क्रमाने. तेव्हा ‘जीआर’ अशी खूण असेल तर ती प्रत बाराव्या ठशाची, हे जाणकाराला लगेच कळते.

लाख, विनाइल आणि भेसळ

आपल्या देशाचा या धंद्याशी संबंध दुहेरी आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या असत. ही लाख मुख्यतः भारतातून, विशेषतः छोटा नागपूरच्या जंगलपट्ट्यातून जाई. पळस, कुसुम, बोर या झाडांवर वाढणाऱ्या एका किड्याच्या स्रावावर जगाचा संगीतव्यवसाय पन्नास वर्षे उभा होता. तबकडी निव्वळ लाखेची मात्र नसे. दगडाची वस्त्रगाळ भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू लाखेत मिसळत. भुकटीमुळे तबकडी कठीण होई आणि पोलादी पिन घासून खाचेच्या आकाराची बने. जुन्या रेकॉर्डची ओळखीची खरखर येते ती बरीचशी या भुकटीमुळे.

दुसरा संबंध ध्वनिमुद्रणाचा. १९०२ साली फ्रेडरिक गेसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला. गौहरजान आणि इतर कलावंतांची गाणी त्याने मेणावर घेतली. पण त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत हॅनोव्हर येथे. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे, ना गाणारी कोण ते. गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगते, त्याचे कारण असे देतात की चुकीचे लेबल लागू नये. म्हणजे तबकडीवर चूक होऊ शकते याची जाणीव धंद्याला पहिल्या दिवसापासून होती. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदा येथे कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला.

कच्चा माल टंचाईत आला की तबकड्यांचा दर्जा घसरे. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा अडला. १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने रेकॉर्डसाठी शेलॅक वापरण्यावर मोठी कपात लादली. कंपन्या जुन्या तबकड्या परत घेऊन, दळून त्यांतूनच नव्या काढू लागल्या. दळलेल्या मालाच्या तबकड्या जास्त खरखरत. १९४८ साली कोलंबियाने विनाइल प्लॅस्टिकची, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली. तिच्यात दगडाची भुकटी नव्हती, त्यामुळे पृष्ठभाग शांत झाला. पण विनाइल खनिज तेलापासून बनते. १९७३ नंतर तेल महागले, तेव्हा तबकड्या पातळ करणे आणि वापरलेले विनाइल पुन्हा वितळवणे पुन्हा सुरू झाले. परत आलेल्या तबकड्यांची लेबले नीट काढली गेली नाहीत तर कागदाचे कण नव्या तबकडीत जात आणि ते टिकटिक आवाज करत.

दोष कोणत्या पायरीचा?

सदोष तबकडी हाती आली की बहुतेक जण ‘रेकॉर्ड खराब आहे’ एवढेच म्हणतात. पण वर सांगितलेली वंशावळ ध्यानात ठेवली तर त्यापुढे जाता येते. दोष ज्या पायरीवर शिरला, तिच्या खालच्या सगळ्या प्रतींत तो उतरतो आणि वरच्या पायऱ्यांवर तो नसतो.

समजा, लाँग प्ले तबकडीवर एके ठिकाणी दर १.८ सेकंदांनी ‘टिक्’ ऐकू येते. ६० सेकंदांना ३३⅓ ने भागले की १.८ येतात, म्हणजे आवाज फेऱ्यागणिक एकदा होतो आहे. तिथे एखादा ओरखडा शेजारशेजारच्या खाचा कापत गेला असेल, किंवा तिथे एखादा उंचवटा असेल. ओरखडा वापरणाऱ्याच्या हातून झाला, तो याच प्रतीत असणार. उंचवटा मात्र ठशातच खड्डा असल्यामुळे येतो आणि त्या ठशाच्या पुढच्या सगळ्या प्रतींवर तो त्याच जागी सापडतो. निव्वळ ऐकून या दोहोंतला फरक कळेलच असे नाही. त्याच ठशाची दुसरी प्रत लावून पाहिली की कळतो.

कधी दाबयंत्रात गोळा पुरेसा गरम नसतो किंवा दाब लवकर सुटतो. मग प्लॅस्टिक ठशाच्या सगळ्या कंगोऱ्यांत भरत नाही. खाचेच्या भिंतीवर टाके घातल्यासारखी रेघ दिसते आणि वाजवताना कापड फाडल्यासारखा आवाज येतो. या दोषाचा मूळ कोरीव चकतीशी काही संबंध नाही. त्याच कारखान्यात त्याच दिवशी निघालेली दुसरी प्रत निर्दोष असू शकते.

मूळ चकती कोरतानाच आवाज फाटला असेल तर मात्र त्या चकतीपासून झालेल्या सगळ्या प्रतींत तो फाटलेलाच येणार. कंपनीने नवी चकती कोरून पुन्हा आवृत्ती काढली तर हा दोष जातो. आणि दोष मुळात ध्वनिफितीतच असेल, तर चकती कितीही वेळा नव्याने कोरा, उपयोग नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक फरक म्हणजे दोष नव्हे. खाच फार रुंद होऊ नये म्हणून कोरताना मंद्र स्वर दाबतात आणि वाजवताना ते यंत्राने पुन्हा उचलतात. हे किती करायचे याचे एक सर्वमान्य प्रमाण १९५४ नंतर रुळले. त्याआधी कंपन्यांची प्रमाणे वेगवेगळी होती. जुनी तबकडी नव्या यंत्रावर बोथट किंवा किरटी वाजली तर दोष तबकडीचा नसून वाजवण्याचा असू शकतो. याउलट १९६० च्या दशकात कित्येक जुनी एकमार्गी मुद्रणे कृत्रिम रीतीने ‘स्टिरिओ’ करून पुन्हा विकली गेली. त्यांची छपाई निर्दोष असली तरी मूळ आवाज बदललेला असतो.

भोक अर्धा मिलिमीटर सरकले तर

एका दोषाचे गणित शाळेतही करता येईल इतके सोपे आहे. तबकडीचे भोक खाचांच्या मध्यबिंदूपासून जरा सरकले, की सुई फेऱ्यागणिक आतबाहेर झुलते. ती जरा दूर असते तेव्हा खाच तिच्याखालून जलद जाते, जवळ असते तेव्हा सावकाश. म्हणून सूर फेऱ्यागणिक एकदा चढतो आणि एकदा उतरतो.

हा चढउतार किती? भोक जितके सरकले त्याला खाचेच्या त्रिज्येने भागायचे. भोक ०.५ मिलिमीटर सरकले आहे असे धरू. लाँग प्ले तबकडीची सर्वांत बाहेरची खाच मध्यापासून सुमारे १४६ मिलिमीटरवर असते. तिथे फरक ०.५ ÷ १४६, म्हणजे सुमारे ०.३४ टक्के. शेवटची खाच साधारण ६० मिलिमीटरवर असते, तिथे तो ०.८३ टक्के होतो. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरल्या तर लागून असलेल्या दोन पट्ट्यांच्या वारंवारतेत ५.९५ टक्के अंतर असते. तेव्हा शेवटच्या गाण्यात सूर दोन्हीकडे या अंतराच्या सुमारे एक सप्तमांश इतका डुलेल. तबल्याच्या वाजण्यात हे लक्षातही येणार नाही. बासरीचा किंवा पियानोचा लांबवलेला स्वर मात्र हेलकावताना ऐकू येईल, आणि पहिल्या गाण्यापेक्षा शेवटच्या गाण्यात अधिक. तबकडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे ठसे असतात, त्यामुळे कधी एक बाजू डुलते आणि दुसरी सरळ असते. दोष वाजवणाऱ्या यंत्राचा असता तर दोन्ही बाजू डुलल्या असत्या.

साक्षीदार मोजू नयेत, तोलावेत

प्रती ताडून पूर्वजापर्यंत पोचण्याची ही रीत मराठी वाचकाला अगदी परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. काम पुरे व्हायला १९६६ साल उजाडले. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांचा त्यासाठी विचार झाला. दोन हस्तलिखितांत एकच विचित्र चूक आढळली, तर दोन लेखकांनी ती स्वतंत्रपणे केली असे मानण्यापेक्षा दोघांनी एकाच सदोष पोथीवरून नक्कल केली असे मानणे सयुक्तिक ठरते. समान बरोबर पाठावरून नाते सिद्ध होत नाही, समान चुकीवरून होते. हे पाठचिकित्सेचे मूळ तत्त्व आहे.

यातून दुसरे तत्त्व निघते. एकाच पोथीच्या शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार शंभर वेळा बोलतो आहे. दुसऱ्या घराण्यातली एकटी पोथी या शंभरांच्या बरोबरीची, प्रसंगी त्यांहून मोलाची ठरू शकते.

आता ‘काइंड ऑफ ब्लू’कडे वळू. मुद्रण न्यूयॉर्कमध्ये तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत झाले. ही इमारत पूर्वी चर्चची होती. २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूच्या रचना वाजवल्या गेल्या आणि २२ एप्रिल रोजी दुसऱ्या बाजूच्या. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे दोन टेपयंत्रे एकाच वेळी चालू होती, एक मुख्य आणि एक राखीव. २ मार्चला मुख्य यंत्र नेमके थोडे सावकाश फिरत होते. सावकाश फिरणाऱ्या यंत्रात एका सेकंदाचे संगीत नेहमीपेक्षा कमी लांबीच्या फितीवर बसते. ती फीत पुढे योग्य वेगाने वाजवली की तेवढी लांबी एका सेकंदाच्या आतच संपते. म्हणून संगीत जलद आणि चढे ऐकू येते. या मुख्य फितीवरून चकत्या कोरल्या गेल्या, आणि जगभरच्या तबकड्यांत ती चूक उतरली. १९९२ च्या आवृत्तीसाठी राखीव फीत वापरली गेली. तिचा वेग बरोबर होता. १९९७ पासून दुरुस्त आवृत्ती सर्वत्र रूढ झाली.

पण दोन फिती वेगळ्या निघाल्या तर बरोबर कोणती, हे कसे ठरवायचे? इथे तिसरा, प्रतींच्या बाहेरचा साक्षीदार उपयोगी पडला. तो म्हणजे पियानो. पाश्चात्त्य वाद्ये मध्य सप्तकातला ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झला धरून लावण्याचे प्रमाण १९३९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलेले आहे. शेकडो तारांचा पियानो प्रत्येक गाण्यासाठी उतरवून लावत नाहीत. मुद्रिकेची दुसरी बाजू या प्रमाणाला धरून होती आणि पहिली त्याहून चढी. वाद्य घेऊन मुद्रिकेबरोबर वाजवू पाहणाऱ्यांना ही अडचण आधीपासून जाणवत असे. केवळ ऐकणाऱ्याला मात्र ताडण्यासाठी काही नसल्यामुळे संशय येण्याचे कारण नव्हते.

याच मुद्रिकेच्या पहिल्या छपाईत आणखी दोन चुका होत्या. दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे उलटसुलट छापली गेली होती, आणि वेष्टनावर सॅक्सोफोनवादक ॲडर्ली याच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने चुकले होते. या चुका लवकर लक्षात आल्या, कारण नावे वाचणारा आणि वादकांना ओळखणारा कोणीही त्या पकडू शकत होता. आज संग्राहक त्यांच्यावरून सर्वांत जुन्या प्रती ओळखतात. चुकीचाही असा उपयोग होतो.

आपल्या जुन्या गाण्यांचा सूर

आपल्याकडच्या जुन्या मुद्रणांसाठी हा प्रश्न जास्त अवघड आहे. विजेच्या मोटारी येण्यापूर्वी तबकडी वजनाने किंवा स्प्रिंगने फिरे. ‘७८ फेरे’ हे प्रमाण नंतर रुळले. सुरुवातीच्या मुद्रणांचा वेग सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत कुठेही असू शकतो. पुढे या गाण्यांच्या लाँग प्ले तबकड्या, कॅसेटी आणि सीडी निघाल्या. मूळ तबकडी कोणत्या वेगाने वाजवून नवी प्रत केली, हे बहुधा वेष्टनावर लिहिलेले नसते.

मूळ मुद्रण ७३.६ फेऱ्यांवर झाले असेल आणि नव्या आवृत्तीसाठी ती तबकडी ७८ वर फिरवली असेल, तर सगळे संगीत सुमारे सहा टक्क्यांनी चढेल. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे वाटेल. त्याची तान असेल त्याहून चपळ भासेल आणि आवाज अधिक बारीक. अमुक गायक फार चढ्या पट्टीत गात, तमुकांची तान विजेसारखी असे, अशी विधाने अशा प्रतींवरून केलेली असतील, तर त्यांचा पाया तपासायला हवा.

पाश्चात्त्य संगीतात ४४० चा आधार सापडतो. आपला षड्ज गायकागणिक बदलतो, त्यामुळे सुरावरून वेग ठरवता येत नाही. मात्र साथीला पेटी असेल तर थोडी वाट मिळते. पेटीच्या पट्ट्यांचे सूर पक्के असतात. गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल, तर वेग चुकल्याची शंका घ्यायला जागा आहे. तरीही प्रत्येक पेटी तंतोतंत एकाच प्रमाणाला लावलेली असते असे नाही, आणि संपूर्ण एका पट्टीची चूक या रीतीने सापडत नाही. म्हणून दुसऱ्या पुराव्यांची जोड घ्यावी लागते: त्याच दिवशी मुद्रित झालेल्या लगतच्या क्रमांकांच्या तबकड्या, तोच गायक इतरत्र कोणत्या पट्टीत गातो याच्या नोंदी, कंपनीची दप्तरे. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनेही आपल्या नियतकालिकातून अशा याद्या छापल्या. तबकडीवरचे क्षुल्लक वाटणारे आकडे टिपून ठेवण्याचे मोल अशा वेळी कळते.

दुरुस्त आवृत्ती आली म्हणून जुनी फेकून द्यावी असेही नाही. तेहेतीस वर्षे लोकांनी जे ऐकले तोही इतिहासच आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर छापला आणि इतर पाठभेद तळाला दिले. ध्वनिमुद्रिकेच्या चांगल्या फेरप्रकाशनातही असेच व्हायला हवे. मूळ प्रत कोणती घेतली, कोणत्या वेगाने वाजवली, कोणता आवाज गाळला, एवढे चार ओळींत लिहिले तर पुढच्या माणसाला तपासणी करता येईल. न सांगता केलेली दुरुस्ती पुढच्या पिढीला चुकीइतकीच अडचणीची ठरते.

वर्गात करून पाहण्यासारखे

एखाद्या घरात अजून रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याचा वेग तपासता येतो. आपल्याकडे विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो, म्हणून चोक असलेली जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा उजळते. ६००० ला ३३⅓ ने भागले की १८० येतात. पुठ्ठ्याच्या चकतीच्या कडेला कोनमापकाने दर दोन अंशांवर एक, असे १८० काळे पट्टे सारख्या अंतरावर काढावेत, मध्ये भोक पाडावे आणि ती फिरत्या थाळीवर ठेवून फक्त ट्यूबच्या उजेडात पाहावे. वेग बरोबर असेल तर पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतील. ते सेकंदाला एक पट्टा या गतीने पुढे सरकले तर वेग एक टक्का जास्त आहे. हे गणित मुलांकडून करून घ्यावे. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग बहुधा जमत नाही, आणि तो का जमत नाही हाही चर्चेचा विषय होईल. शिवाय विजेची वारंवारता तरी नेमकी ५० असते का, असे एखादा विद्यार्थी विचारील. आज ती ५० च्या फार जवळ ठेवली जाते, पूर्वी बरीच हलत असे. मोजायचे साधनही कशाशी तरी ताडून घ्यावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

दुसऱ्या उपक्रमाला काहीच साहित्य लागत नाही. दहा ओळींचा एक अपरिचित उतारा दोन मुलांना द्यावा. त्यांनी तो उतरवून मूळ कागद शिक्षकांकडे परत करावा. त्या दोन नकलांवरून आणखी चौघांनी आणि त्यांच्यावरून आठ जणांनी, घाईघाईने, नकला कराव्यात. मग सगळे कागद मिसळून, वरची नावे झाकून, दुसऱ्या गटाला द्यावेत. समान चुकांवरून कोणी कोणाचे पाहून लिहिले याची वंशावळ त्या गटाने मांडावी आणि मूळ उतारा काय असेल ते ठरवावे. शेवटी मूळ कागद काढून ताडावे. पहिल्या दोघांपैकी एकाने केलेली चूक सात कागदांवर सापडेल आणि दुसऱ्याच्या शाखेत ती नसेल. दोघांनी जर एकच चूक केली असेल तर ती गटाला सापडणार नाही. मूळ कागद उघडल्यावर मात्र सापडेल.

एखादे विधान पाच पुस्तकांत आहे म्हणून खरे, असे मुले सहज म्हणतात आणि आपणही म्हणतो. त्या वेळी त्यांना एवढेच विचारावे की, या पाच जणांनी ते स्वतंत्रपणे पाहिले आहे, की एकाचे पाहून बाकीच्यांनी लिहिले आहे?